कांय ना, बरें आसा

"शार्प आहे की डल?"

डॉक्टरांनी विचारलं आणि मी गप्प झालो. तोंडात आरसा होता, गालात कापसाची गुंडाळी होती, हे खरं. पण ती नसती तरी मला उत्तर देता आलं नसतं. मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस मी. वीस वर्षं सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या तक्रारींवर टिपणं लिहितोय. नळाला पाणी नाही, घरपट्टी चुकीची आली, शेजाऱ्याने वाटेवर कुंपण घातलं, कसलीही तक्रार असो, चार ओळींत तिचं सार काढून साहेबांपुढे ठेवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आणि स्वतःच्या दाढेची तक्रार मांडायची वेळ आली तेव्हा मी काय म्हणालो? "थोडं दुखतं, डॉक्टर. तसं काही नाही."

त्या "तसं काही नाही"ने मला चार महिने छळलं. त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात झाली ती खाज्यापासून. माघात कवळ्याच्या शांतादुर्गेची जत्रा असते. जत्रेला जाऊन खाजं न आणणं म्हणजे देवळापर्यंत जाऊन दर्शन न घेण्यासारखं. बेसनाच्या कांड्या, त्यावर गुळाचा आणि आल्याचा जाड थर. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर एक कांडी उजव्या बाजूच्या खालच्या दाढेखाली धरली आणि 'कट्' झालं. मला वाटलं, खाजं मोडलं. बघतो तर गुळाला चिकटून दाढेवरची कॅप बाहेर आलेली! धातूची, चौदा वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेली. कवळ्याला गेलो आणि कवळी बसायची वेळ आली, अशी कोटी मी लगेच करून टाकली. घरातले सगळे हसले. आई तेवढी हसली नाही. तिला कवळी बसून नऊ वर्षं झालीत. ती का हसली नाही, हे मला फार उशिरा कळलं.

तर पणजीतल्या एका दवाखान्यात गेलो. एक्स-रे झाला. जुन्या कॅपच्या काठाखाली नवी कीड लागली होती. डॉक्टरांनी ती खरवडून काढली, खड्डा भरला, दाढ पुन्हा थोडी घासली, मऊ लगद्यात तिचा ठसा घेतला आणि वर प्लास्टिकची तात्पुरती टोपी बसवून मला घरी पाठवलं. दोन आठवड्यांनी कायमची कॅप आली. झिर्कोनियाची, पांढरीशुभ्र, बाकीच्या दातांना लाज वाटावी अशी. साडेआठ हजार रुपये.

या दाढेचं रूट कॅनल झालेलं नव्हतं. म्हणजे कॅपच्या आत दाढ जिवंत होती, तिची नस शाबूत होती. म्हणून बसवताना सुई देऊन बधिर केलं. मग निळा कागद दातांत धरायला दिला आणि म्हणाले, "चावा. वर वाटते का?" अर्धा जबडा जागेवरच नाही, ओठ कुठे आहे ते कळत नाही, अशा वेळी वर काय आणि खाली काय! मी मान डोलावली. "बरं आहे."

संध्याकाळी बधिरपणा उतरला आणि फोंड्याच्या घरी पोचून मी माठातलं पाणी प्यालो. डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणतात ते का म्हणतात, ते त्या घोटाला कळलं.

डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की सुरुवातीला थंड लागेल, दोन-तीन आठवड्यांत शमेल. ते काही खोटं नव्हतं. दाढ घासली की नस चिडते आणि बहुतेकांची पुढे शांतही होते. मी तीन आठवडे वाट पाहिली. थंड लागणं कमी झालं नाही, उलट गरम चहाही लागायला लागला. शिवाय चावताना त्या दाढेला दुसऱ्या दातांच्या आधी मार बसायचा. कदंबा बाणस्तारीच्या पुलावर आदळली की आधी ती दाढ आदळायची, मग बाकीचा मी.

पुन्हा गेलो. "कसं आहे?" "बरं आहे, डॉक्टर. थोडं दुखतं." तेव्हाच तो शार्प-डलचा प्रश्न आला आणि तेव्हाच माझी ती मौनी पूजा झाली. त्यांनी पुन्हा निळा कागद धरला, या वेळी मी बधिर नव्हतो. कॅपचा एक उंचवटा सापडला, तो घासला. चावणं खरंच सुधारलं. "आता ठीक?" "ठीक." मी उठलो. थंड-गरमाचं बोललोच नाही. बाहेर माणसं खोळंबली होती, डॉक्टर घाईत दिसत होते, आणि दातासारख्या क्षुल्लक गोष्टीचं इतकं काय सांगत बसायचं?

पुढचे दोन महिने मी त्या दवाखान्याची पायरी चढलो नाही. त्या काळात कचेरीतल्या प्रत्येकाने मला औषध सांगितलं. एकाने अक्कलकाढा चघळायला सांगितला. (अक्कलदाढेला अक्कलकाढा ठीक, पण माझी दाढ तिच्या अलीकडची.) दुसरा म्हणाला, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. तिसरी म्हणाली, लवंगेचं तेल. ते मी कापसाला लावून इतकं घासलं, की दाढ राहिली बाजूला आणि हिरडी भाजून निघाली. तरी या तेलाला नावं ठेवणार नाही. दातांच्या दवाखान्यात शिरल्या शिरल्या जो वास नाकात जातो, तो लवंगेचाच असतो. तिच्यातलं युजेनॉल झिंक ऑक्साईडमध्ये कालवून डॉक्टर लोक कित्येक वर्षं तात्पुरत्या भरणीला वापरत आलेत. आजीच्या फडताळातली बाटली आणि डॉक्टरांच्या कपाटातली बाटली यांचं असं जवळचं नातं आहे.

आणखी एक नातं मला त्या दिवसांत कळलं. बांगड्याच्या हुमणात आपण तेफळं घालतो. चुकून दाताखाली आलं तर जीभ थोडा वेळ बधिर होते, हे लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक. त्याच झँथोझायलम वंशातलं एक झाड अमेरिकेत आहे आणि तिथे त्याला नावच पडलंय 'टूथेक ट्री', दातदुखीचं झाड. तिथले लोक दात दुखला की त्याची साल चघळत. वाचून मी दोन तेफळं दाढेखाली धरून पाहिली. जीभ बधिर झाली, गाल बधिर झाला. दाढ जागीच होती.

असो. मुद्दा औषधांचा नाही. कारण ही सगळी औषधं मी घेत होतो आणि कुणी विचारलं, "दाढ कशी आहे?" की माझ्या तोंडून तेच निघत होतं: "कांय ना. बरें आसा."

आपल्याकडच्या या दोन शब्दांवर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. ताप असो, कर्ज असो, मुलगा नापास झालेला असो, दारात आलेल्या माणसाने "कितें खबर?" म्हटलं की "बरें आसा". पडलेल्या माणसाला हात देऊन उठवावं, तर गुडघ्यातून रक्त वाहत असताना तो म्हणणार, "कांय ना, कांय ना." त्यात समोरच्याला त्रास द्यायचा नाही हा चांगुलपणा आहे, नाही असं नाही. पण आपण घरी कोकणीत बोलतो, लिहितो-वाचतो मराठीत, कचेरीत टिपणं इंग्रजीत, तीन-तीन भाषा पदरी बाळगतो आणि दुखतं कुठे एवढं विचारल्यावर तिन्ही भाषांत मिळून दोनच शब्द सापडावेत?

मग रात्रीचा ठणका सुरू झाला.

दिवसा बरं असायचं. रात्री आडवा झालो, की पाऊण तासाने दाढेत कुणीतरी ढोल घेऊन बसायचं. काही खाल्लेलं नाही, प्यायलेलं नाही, आपलंआपण. नाडीच्या ठोक्याबरोबर ठण्, ठण्. तिथून कळ निघायची ती कानात जायची. उठून बसलं की जरा उतरायची. गोळी घेतली की चार तास झोप, मग पुन्हा ढोल. अशा एका रात्री दोनच्या सुमाराला लवंग शोधायला स्वयंपाकघरात गेलो. दिवा लावला तर आई तिथेच बसलेली. पुढ्यात भांडं, भांड्यात पाणी, पाण्यात तिची कवळी. हात गालावर.

"कितें जालां?" तिने विचारलं.

"कांय ना," मी म्हणालो.

ती माझ्या गालावरच्या हाताकडे बघत राहिली. मग बोळक्या तोंडाने हसली. "तुका 'कांय ना' म्हणपाक हांवेंच शिकयलां."

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि फोंड्यातल्याच एका म्हाताऱ्या दोतोर बाईंकडे गेलो. त्यांच्या खोलीत भिंतीवर एका संत स्त्रीची तसबीर होती, हातात चिमटा, चिमट्यात दात. मी बघतोय म्हणून त्यांनी सांगितलं, ही सांता आपोलोनिया, दातदुखीवाल्यांची कैवारी. 249 साली अलेक्झांड्रियात ख्रिस्ती धर्म सोडत नाही म्हणून जमावाने तिचे दात पाडले. 9 फेब्रुवारीला तिचं फेस्त. म्हणजे आमच्या जत्रेच्या आसपासच! देवी एकमेकींच्या तारखा सांभाळून असाव्यात.

खुर्चीत बसल्यावर मी आपला नेहमीचा पाढा सुरू केला, "थोडं दुखतं, शार्प म्हणजे डलच, पण..." बाईंनी हात वर करून थांबवलं.

"शार्प-डल सोड, बाब. घरांत बायलेक कशें सांगतलो, तशें सांग."

आणि काय गंमत, बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. पहिल्या दिवसापासून थंड पाण्याने शिवशिवत होती. आंबट कैरी खाल्ल्यावर दात आंबतात तसं नव्हे, ते सगळ्या दातांना होतं. ही एकाच दाढेची शिवशिव. आधी चावताना चमक यायची, ती कॅप घासल्यावर गेली. मग पाणी गिळून झालं तरी दुखणं मागे रेंगाळायला लागलं. आणि आता रात्री आपोआप ठणकते, कळ कानात जाते. ठसठस नाही, सूज नाही, हिरडी हुळहुळली होती ती लवंगेच्या तेलाने.

बाई लिहून घेत होत्या. नंतर म्हणाल्या, "अर्धें काम तूंच केलें." मग समजावून सांगितलं. मला ते इतकं पटलं, की इथे उतरवून ठेवतो.

शिवशिव आली आणि क्षणात गेली, तर नस नुसती चिडलेली असते. ती बहुधा शांत होते, वेळ द्यावा. थंड पदार्थ तोंडातून गेला आणि दुखणं मागे अर्धा मिनिट, मिनिटभर उरलं, तर नस आतून सुजलेली असते आणि तिथून ती सहसा परत फिरत नाही. काही न खातापिता रात्री ठणका लागतो तोही त्याच जातीचा. चावतानाच दुखत असेल, तर कॅप उंच बसलेली असू शकते. चावताना नव्हे, चावून दात सोडताना चमक येत असेल, तर दाताला तडा गेल्याची शंका घ्यावी. ठसठस आणि हिरडीला फुगवटा म्हणजे मुळाशी पू. आणि गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना, गिळवेना, तर मग कुणाच्या लवंगेची वाट न बघता त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं.

रात्रीच का, तेही सांगितलं. दाताची नस दगडी खोलीत कोंडलेली असते. हात सुजला तर कातडी ताणते. दाताच्या आत सूज आली तर तिला जायला जागाच नाही. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो आणि त्या बंद खोलीतला दाब आणखी वाढतो. म्हणून उठून बसल्यावर बरं वाटायचं.

नुसत्या शब्दांवर त्या थांबल्या नाहीत. बर्फासारखा गार कापूस आधी शेजारच्या चांगल्या दाढेला टेकवला. "लागलें की हात वयर, गेलें की सकयल." हात वर गेला आणि लगेच खाली आला. मग तोच कापूस कॅपच्या दाढेला. हात वर गेला तो वरच राहिला. बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. शाळेत उत्तर येत नसताना चुकून हात वर केलेल्या पोरासारखा मी चाळीस सेकंद तसाच. एक्स-रेमध्ये फारसं काही दिसत नव्हतं. सुरुवातीला दिसत नाहीच, म्हणाल्या. हाताने सांगितलं ते फिल्मने सांगितलं नाही.

रूट कॅनल करावं लागलं. साडेआठ हजारांच्या पांढऱ्याशुभ्र कॅपला वरून भोक पाडलं. दाढेभोवती रबराचा पडदा ताणला, दोन बैठकांत नस काढली, आतल्या वाटा स्वच्छ करून बुजवल्या, वरचं भोक भरलं. पहिल्या बैठकीच्या रात्रीच ढोल थांबला. तीन-चार दिवस चावताना दाढ दुखरी होती, मग तेही गेलं.

मी बाईंना विचारलं, "पहिल्या डॉक्टरांचं चुकलं का?" त्या म्हणाल्या, तसं म्हणता येणार नाही. मोठी भरणी, मग कॅप, मग कीड, मग पुन्हा घासणं. इतके घाव सोसलेली नस कधीतरी हात टेकतेच. "मग मी लवकर सांगितलं असतं तर वाचली असती?" थोडा विचार करून म्हणाल्या, "नस, कोण जाणे. पूण तुज्यो दोन म्हयन्यांच्यो राती वाटावल्यो आसत्यो."

हे वाक्य घेऊन मी घरी आलो. माझ्या राती आता वाचणार होत्या, पण त्या घरात आणखी कुणीतरी दोन वाजता गालाला हात लावून बसत होतं.

आईने गेल्या दोन वर्षांत बांगडा सोडला होता. काटे नकोत म्हणायची. पदेराकडचं काकण तिचं जीव की प्राण, तेही बंद झालं. विचारलं की "मन ना". नुसती पेज, भाजीतला मऊ बटाटा, वरणभात. आम्ही समजलो, वय झालं, खाण्यावरची वासना उडाली. घरात एवढी माणसं, पण तिच्या ताटातून एकेक पदार्थ उठून जाताना कुणाला दिसला नाही. मला तर दुसऱ्यांच्या तक्रारी वाचायचाच पगार मिळतो.

त्या संध्याकाळी तिच्याशेजारी बसलो. "आई, दुखता?"

"कांय ना."

"दुखता काय ना, तें विचारिना. कशें दुखता? बोचता, घांसता, सलता?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. वाती वळत होती, त्या बाजूला ठेवल्या. मग हळूच म्हणाली, "सलता."

सलणं. काटा आत मोडून राहावा तसं. शार्पही नाही आणि डलही नाही.

दुसऱ्या आठवड्यात बाईंच्या खुर्चीत आई बसली. दात गेल्यावर जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं. नऊ वर्षांपूर्वीच्या मापाची कवळी आता त्यावर हलत होती आणि तिची कड एकाच जागी घासून तिथे जखम झाली होती. कवळी काही दिवस अजिबात घालायची नाही, असं ठरलं. अशी जखम दोनेक आठवड्यांत भरली नाही तर तिची पुढची तपासणी करायला हवी, हेही बाईंनी बजावलं. ते पंधरा दिवस मी माझ्या चार महिन्यांपेक्षा जास्त घाबरून काढले. जखम भरली. मग नवं माप, नवी कवळी, दोनदा काठ घासून घेणं. या वेळी आईला निळा कागद दिला तेव्हा मी शेजारी उभा होतो. "वयर दिसता?" "कांय ना" म्हणायला तिने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे कुशीन इल्लें."

गेल्या रविवारी घरात बांगड्याचं हुमण झालं. आईच्या ताटात दोन वर्षांनी बांगडा. काटे तिने स्वतः काढले. आम्ही सगळे आपापल्या ताटात बघतोय असं दाखवत तिच्याकडे बघत होतो. तिने एक घास घेतला, नीट चावला, गिळला आणि कपाळाला आठी घालून बायकोला म्हणाली,

"तेफळां चड जाल्यांत."

तक्रार! आमच्या घरात इतक्या वर्षांत आईची नोंदवली गेलेली पहिली तक्रार. बायको जरा हिरमुसली, पण मी उठून आईला आणखी एक तुकडी वाढली.